दिलीप चित्रेंनी अनुवादात एवढी वर्षं घालवली ते बरं केलं का?

पोवईनाका७७ : काल वाचनालयात दोन रिटायर्ड मास्तरांची यावरून जुंपली, म्हणून धागा काढतोय. माझं सरळ मत, चित्रे मुळात कवी. पोरवयात कवी अरुण कोलटकरांबरोबर 'शब्द' नावाचं अनियतकालिक काढलं, १९६० ला 'कविता' संग्रह आला, तेव्हा वय २२, आणि मग तुकाराम काय, ज्ञानदेवांचं अनुभवामृत काय, दलित कवी नामदेव ढसाळ काय, सगळ्यांना इंग्रजीत नेता नेता स्वतः मागं राहिले. आज साताऱ्यात कुणालाही विचारा, "ते तुकाराम इंग्रजीत केलेले ना?" एवढंच. त्यांची स्वतःची एक ओळ तोंडपाठ असलेला माणूस दाखवा, कंदी पेढे माझ्याकडून.

शनिवारपेठी : अहो सर, १९९४ ला साहित्य अकादमीनं त्यांच्या स्वतःच्या कवितांच्या 'एकूण कविता'लाही पुरस्कार दिला आणि इंग्रजी तुकारामाच्या 'सेज तुका'लाही. एकच माणूस, एकच वर्ष. आपण कविता वाचत नाही त्याचं खापर अनुवादावर कशाला?

लोणंदकर : पुरस्काराचं राहू द्या राव. आमच्याकडं माउलींची पालखी मुक्कामाला असते, अभंग कळायच्या आधीच कानात बसलेला. 'बुडता हे जन, न देखवे डोळा, येतो कळवळा, म्हणउनि', मोजा अक्षरं, सहा सहा सहा चार, आणि डोळा-कळवळा यमक. चित्रेंच्या इंग्रजीत यातलं काहीच नाही, सरळ मुक्तछंद. टाळ कुठं वाजवायचा?

शनिवारपेठी : इंग्रजीत टाळ वाजवायचाय कुणाला 😄 ओढूनताणून यमक जुळवलं असतं तर ग्रीटिंग कार्ड झालं असतं त्याचं. तुकोबा विठ्ठलाशी भांडतो, त्याला दिवाळखोर म्हणतो, स्वतःवर चिडतो, तो बोलण्यातला सूर त्यांनी धरला आणि चाल सोडली. काय सोडायचं हे ठरवायलाच कवी लागतो, नुसता इंग्रजीचा प्रोफेसर असता तर दोन्ही गेलं असतं.

जतकडचा : मी कन्नडमधून मराठीत करतो, हौसेनं म्हणा. एका प्रकाशकाला अख्खी कादंबरी करून दिली, तीन वर्षं झाली, मानधन सोडा, फोनपण उचलत नाय. असो. सांगायचं हे की दुसऱ्याची ओळ दहा वेळा मोडून जोडताना स्वतःची भाषा घासून निघते, ती वर्षं वाया जात नसतात. ढसाळांचे कामाठीपुऱ्यातले शब्द कुठल्या डिक्शनरीत मिळतात? ढसाळांच्या कवितांचं चित्रेंनी केलेलं इंग्रजी पुस्तक २००७ ला आलं आणि २००९ ला चित्रे गेले, म्हणजे शेवटपर्यंत माणूस हेच करत होता. सक्ती नव्हती कुणाची.

लोणंदकर : सक्ती नव्हती हे मान्य. पण 'कळवळा'ला इंग्रजीत काय म्हणणार? दया नाही, करुणा नाही, पोटात पिळवटतं ते. तिथं चित्रेच काय, कुणीही अडकणार.

पोवईनाका७७ : हेच तर म्हणतोय भावा! जे अडकणारच आहे त्याच्यामागं ज्याच्याकडं स्वतःचं सांगायला होतं त्यानं का लागावं?

शनिवारपेठी : सर, खरं सांगा, 'एकूण कविता' वाचलंय का तुम्ही?

पोवईनाका७७ : अर्धं. आणि चित्रेंचंच तुकोबांवरचं 'पुन्हा तुकाराम' दोनदा. हसू नका.