१८३७ चं गाढव-कासवाचं टोकन: हिरवा थर आणि भोक

ताम्रनाणी: अमेरिकेतलं १८३७ चं हार्ड टाइम्स टोकन (मंदीच्या काळात सेंटऐवजी चाललेलं खासगी तांब्याचं नाणं) घ्यायचा विचार आहे. एका बाजूला ‘सब ट्रेझरी’ची (सरकारी पैसा बँकांऐवजी सरकारच्याच खजिन्यात ठेवायची योजना) तिजोरी पाठीवर घेतलेलं कासव, दुसरीकडे गाढव. वरच्या कडेला भोक आहे आणि अक्षरांच्या बुडाशी हिरवट थर. थर निघेल का? आणि भोकाचं काय?

ठसा_उलटा: आधी तो थर कसला आहे ते बघा. लाकडी दातकोरण्याने हलकेच टोका. चिकट असेल आणि पसरत असेल तर ती मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाची करामत. शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन टोकन बुडवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमधून काढा आणि न पुसता वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेलं आणि रंग असतात. खिडकी उघडी, गॅस बंद.

थर कडक, खरबरीत असेल तर तो तांब्याचा गंज. ॲसिटोनने तो हलणारही नाही. मिनरल ऑइलमध्ये काही दिवस भिजवून जेवढा सहज सुटेल तेवढाच काढा. ओरबाडलात तर खाली खड्डा दिसेल. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांना हातही लावू नका. जुना तपकिरी रंग गेला की तांबं गुलाबी पडतं आणि संग्राहक तिथेच पाठ फिरवतो.

वॉशिंग्टनकर: भोकाचा निकाल टोकनाच्या जातीवर लागतो. १८६० च्या लिंकन प्रचाराची छोटी पदकं रिबिनीत ओवून मिरवायचीच होती, त्यांचं भोक बहुधा मुळातलं. तुमचं टोकन मात्र सेंटच्या जागी फिरलं: मे १८३७ मध्ये बँकांनी सोनं-चांदी देणं थांबवलं, लोकांनी नाणी दडवली आणि सुट्ट्यांची चणचण झाली. इथे भोक म्हणजे नुकसानच. हा प्रकार दुर्मिळ नाही, त्यामुळे थोडं थांबून बिनभोकाचं घ्या.

घेताना गाढवाभोवतीची अक्षरं पूर्ण वाचता यायला हवीत. ‘माझ्या थोर पूर्वसुरीच्या पावलांवर’ हा आधीचे राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्यामागून चालणाऱ्या राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेनवरचा टोला, आणि या टोकनाचा सगळा जीव त्यातच आहे.

ताम्रनाणी: थर चिकट निघाला. लिंकनचं १८६० चं फेरोटाइपही त्याच पाकिटात आहे, त्यालाही ॲसिटोन?

ठसा_उलटा: अजिबात नाही! फेरोटाइप म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा फोटो. ॲसिटोनने वरचं वॉर्निश विरघळतं, पाण्याने पत्रा गंजतो. फक्त पाकीट बदला: मायलरचं (पीव्हीसी नसलेलं पारदर्शक पॉलिएस्टर) घ्या, सोबत सिलिका जेल ठेवा.