बी.एड. आंतरवासिता: एकाच पाठाला दोन उलटे शेरे, काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदा बी.एड.च्या चार छात्राध्यापिका माझ्या गळ्यात पडल्या आहेत. आमच्या वेळी सराव पाठापुरतं शाळेत जायचं, शेरा घ्यायचा, निघायचं. २०१५ला कोर्स दोन वर्षांचा झाला, आता दुसऱ्या वर्षी १६ आठवडे मुली शाळेतच, हीच आंतरवासिता. पण त्यांना शिकवायचं कुणी, हे ना कॉलेजने ठरवलंय ना शाळेने. शाळा त्यांना ऑफ तासांवर, म्हणजे शिक्षक नसलेल्या वर्गांवर पाठवते. (पेपर तपासायचे असले की मीही पाठवते, खोटं कशाला बोलू?)

गेल्या आठवड्यात एकीचा सातवीवर पाठ होता, पूर्णांकांचा गुणाकार. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "वजा गुणिले वजा अधिक कसं काय?" हिने टाचण (पाठाचा लिहिलेला आराखडा) मिटलं आणि फळ्यावर लिहीत गेली: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. "आता पुढे?" पोरंच ओरडली, "दोन-दोनने वाढतंय, म्हणजे अधिक दोन!" तेवढ्यात तास संपला. मी जाम खूश.

कॉलेजचे सरही बसले होते. त्यांचा शेरा: "उपयोजन झाले नाही. तक्ता वापरला नाही." (उपयोजन म्हणजे शिकलेलं वापरून गणितं सोडवून घेणं.) त्याच पानावर खाली माझा: "उत्तम." पोरगी रडकुंडीला आली. "मॅडम, पुढचा पाठ कसा घेऊ?" काय सांगणार? गुण सरांच्या हातात.

सर माणूस वाईट नाहीत, एका दिवसात तीन शाळा करतात. आमचं बोलणं "चहा घेणार?" एवढंच.

कुणाच्या शाळेने कॉलेजशी आधी बसून काही ठरवलंय का? पाठात काय बघायचं, ऑफ तास किती द्यायचे वगैरे? माझे तास सांभाळून जमेल असं सांगा. समिती नेमा म्हणू नका, समित्या भरपूर आहेत.

खडूफळा: आमच्याकडे टाचणावर आधी शाळेची सही, मग कॉलेजची. आणि टाचणातच एक ओळ लिहायला लावतो: "मुलं अमुक ठिकाणी अडली तर तिथेच थांबेन, उपयोजन पुढच्या तासाला." स्वतः सही केलेल्या टाचणावर सर गुण कसे कापतील?

लेस्टरकर: इथे इंग्लंडमध्ये शिक्षक व्हायला किमान १२० दिवस शाळेत काढावे लागतात. माझ्या वेळी मेंटॉरची (शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाची) आठवड्याची भेट वेळापत्रकातच होती. विद्यापीठाचे ट्यूटर पाठ मेंटॉरच्या शेजारी बसून बघायचे, नंतर आम्ही तिघं बोलायचो. आधी वेळापत्रकात एक तास मागून घ्या, बाकीचं नंतर.

धागाकर्ती: दोघांचे आभार. टाचणाची युक्ती सोमवारीच करते. तासाचं मुख्याध्यापकांशी बोलले. ते हसले.