आयसोलेशन वॉर्डात मोबाइल ॲप: पेशंटला आधार की सिस्टरच्या डोक्याला ताप?

पेठेतला माणूस (धागा सुरू केला)

स्वाइन फ्लू, गोवर, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेला पेशंट. यांना वेगळं ठेवावंच लागतं, त्यावर वाद नाही. पण वेगळं ठेवताना माणसाला घरापासून तोडायची काय गरज? माझी मागणी सरळ आहे. कोल्हापुरातल्या प्रत्येक आयसोलेशन वॉर्डात दवाखान्याच्या मालकीचा एक टॅब असावा आणि त्यावर मराठी-कानडीत चालणारं साधं ॲप असावं. ठरल्या वेळी घरच्यांशी व्हिडिओ कॉल, बेडवरून सिस्टरला निरोप (पाणी पाहिजे, दुखतंय, बाथरूमला जायचंय) आणि रोज एकदा नातेवाइकांना तब्येतीचा मेसेज. एवढंच.

मे 2020 मध्ये उत्तर प्रदेशात संसर्ग पसरतो म्हणून कोविड वॉर्डातल्या पेशंटच्या मोबाइलवर बंदी घातली होती. ओरड झाली आणि ती लगेच मागे घ्यावी लागली. जुलै 2020 च्या अखेरीस केंद्रानंच राज्यांना कळवलं की, पेशंटला घरच्यांशी बोलता यावं म्हणून वॉर्डात स्मार्टफोन, टॅब चालू द्या. मग ही सोय कोविडपुरतीच का? सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, चंदगडपासून तळकोकणापर्यंतची आणि निपाणीकडची माणसं येतात. रोज कोण ये-जा करणार?

सिस्टर, पाचगाव

मी वॉर्डात ड्युटी करते, म्हणून स्पष्टच लिहिते. टॅब धरायचा कुणी? दोन ग्लोव्हज घातले की स्क्रीनला बोट कळत नाही. टॅब प्लास्टिकच्या पिशवीत, त्यामुळे आवाज दबलेला. आजींना कमी ऐकू येतं, म्हणून मी मास्कमधून ओरडायचं, "आजी, नातू बोलतोय, इकडं बघा." तेवढ्यात पलीकडच्या बेडचं सलाईन संपतं. कॉल झाला की टॅब 70 टक्के अल्कोहोलनं पुसायचा, वाळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा पेशंट. रात्रपाळीला आधीच माणसं कमी.

आणि तो तब्येतीचा मेसेज. दुपारी "प्रकृती स्थिर" लिहिलं आणि रात्री पेशंट अचानक गेला, तर नातेवाईक ॲपवाल्याला धरत नाहीत. मला धरतात.

गडहिंग्लजकर

सिस्टर, तुमचा त्रास खरा आहे. पण दुसरी बाजू बी बघा. 2021 च्या जुलैत आमची आई कोल्हापुरात ॲडमिट होती. कोरोना जोरात, त्यात महापूर, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. जायचं कसं? आई जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. शेवटी एका वॉर्डबॉयनं स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. मी फोन घेऊन थेट गोठ्यात गेलो. म्हैस बघितल्यावर आई पहिल्यांदा बोलली, "वैरण ओली घालू नका तिला." मग धार कोण काढतंय, दूध डेअरीला जातंय का, सगळं विचारलं. त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. हे त्या पोराच्या चांगुलपणावर झालं. नियमानं व्हायला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

बावड्याचा

मग त्यासाठी ॲप कशाला? व्हॉट्सॲप सगळ्यांना येतं. नवीन ॲप म्हटलं की ओटीपी आला, पासवर्ड आला, अपडेट आलं. साठीच्या पुढच्या माणसाला ते जमत नाही, आणि वॉर्डात पडलेली निम्मी माणसं त्याच वयाची. त्यापेक्षा प्रत्येक बेडजवळ चालू प्लग आणि वॉर्डात नीट रेंज द्या. सलाईन लावलेला माणूस चार्जरसाठी भिंतीपर्यंत जाणार कसा?

टीबीच्या गोळ्या रोज घेतल्या का याची नोंद ठेवणारं 99डॉट्स चाललं ते साध्या फोनवर. गोळी काढली की पाकिटावरचा नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही. सोय अशी पाहिजे.

काळा कोट

कुणी खासगीपणाबद्दल बोललंच नाही. टीबीचा पेशंट गावात सांगत नाही, सोयरीक मोडते. वॉर्डात कॅमेरा फिरवला की शेजारच्या बेडवरचा माणूस दिसणारच. त्याची परवानगी घेतली होती का? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे. आजाराची माहिती कुठं साठते, कोण बघतं, पेशंट घरी गेल्यावर पुसली जाते का, हे लिहून मिळाल्याशिवाय कुठलंही ॲप वॉर्डात येऊ नये. व्हॉट्सॲपवाल्यांनीही ऐका: सिस्टरच्या खासगी नंबरवर पेशंटचे फोटो आणि रिपोर्ट फिरणं याहून वाईट आहे.

पेठेतला माणूस

@बावड्याचा, प्लग आणि रेंज आधी, शंभर टक्के मान्य. पण व्हॉट्सॲप म्हणजे कुणाचा तरी स्वतःचा फोन. ज्याच्याकडं फोनच नाही त्यानं काय करायचं? पुन्हा वॉर्डबॉयच्या मनावरच. टॅब दवाखान्याचा असला तर कुणाचा कॉल झाला नाही ते दिसतं आणि विचारता येतं. ओटीपी, पासवर्ड पेशंटला लागताच कामा नये. टॅबवर हाताएवढी चित्रं: पाण्याचा तांब्या, दुखतंय, घर. घरावर बोट ठेवलं की कॉल.

@काळा कोट, मुद्दा पटला. पडदा ओढून कॉल, रेकॉर्डिंग बंद, पेशंट नको म्हणाला तर नाही.

@सिस्टर, मेसेजमधून "स्थिर" काढू. जेवण किती घेतलं, ताप किती, ऑक्सिजन चालू की बंद, एवढंच जाऊ दे. तब्येतीबद्दल डॉक्टर बोलतील.

शाहूपुरी

मन खचलेल्या पेशंटचं काय? टेलीमानस या मानसिक आधाराच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. वॉर्डाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा, पैसा लागत नाही. पण हा नंबर लावला म्हणून समुपदेशकानं राऊंड घ्यायचं थांबवू नये. मला ॲपची भीती आहे ती याच कारणानं. टॅब आला की माणूस कमी करतात.

सिस्टर, पाचगाव

@शाहूपुरी यांनी माझ्या मनातलं लिहिलं. @पेठेतला माणूस, जेवण-ताप लिहायला माझी हरकत नाही, ते चार्टवर असतंच. पण टॅब धरायला वेगळा माणूस द्या. दुपारी चार ते सहा, पीपीई घालायला शिकवलेला, पगारी. स्वयंसेवक नको, आठ दिवसांत यायचे बंद होतात. ही अट लिहा, मी सही करते. नाहीतर माझा विरोध कायम.

पेठेतला माणूस

लिहितो. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीला द्यायच्या अर्जात पहिली मागणी माणसाची, दुसरी प्लगची, टॅब तिसरा. मसुदा रविवारी इथंच टाकतो. @काळा कोट, संमतीचा कागद साध्या मराठीत तुम्ही लिहून द्याल का?