अनुभव धागा: नील पिअर्टचे ड्रम आणि रशचा नवा दौरा

कॅनडाचा रॉक बँड रश पुन्हा दौऱ्यावर निघणार, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं आणि आमच्या जुन्या मित्रमंडळीत दुसरा विषयच उरला नाही. गाणारा आणि बेस गिटार वाजवणारा गेडी ली आणि गिटारवाला अ‍ॅलेक्स लाइफसन, दोघांचाही जन्म १९५३ चा. त्यांचा ड्रमर नील पिअर्ट ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कर्करोगानं गेला. आता ड्रमवर जर्मनीची आनिका निलेस. सुरुवात जून २०२६ मध्ये लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये, म्हणजे १ ऑगस्ट २०१५ ला नील जिथे रशबरोबर शेवटचं वाजवून उठला, तिथेच.

ज्यांनी त्याचे ड्रम प्रत्यक्ष पाहिले किंवा दुरून त्यांचा ध्यास घेतला, त्यांनी इथे सविस्तर लिहा. नीलशिवाय रश ऐकणार का, तेही लिहा. माझं मत आधीच मांडतो: ऐकावं. त्या डोंगराएवढ्या सेटमधल्या प्रत्येक ड्रमला एखाद्या गाण्यात नेमकं काम होतं. गाणी जिवंत आहेत तोवर ते काम कुणीतरी करायलाच हवं.

टोरांटोहून

जून २०१५ मध्ये इथे झालेला त्यांचा कार्यक्रम मी पाहिलाय. सगळा उलट्या क्रमानं होता, नव्या गाण्यांपासून मागे सत्तरच्या दशकापर्यंत. लाल डांगरीतली माणसं मधूनमधून येऊन रंगमंचावरचं सामान हलवायची आणि त्या त्या काळातलं मांडायची. पहिल्या भागात नीलचा नवा सेट होता. रुमानियातल्या नदीत सापडलेल्या सुमारे १५०० वर्षं जुन्या ओकच्या लाकडाचा. मध्यंतरानंतर पाहतो तर सेटच बदललेला! सत्तरच्या दशकात वाजवायचा तसा, दोन बेस ड्रमचा, शेजारी लांब नळ्यांच्या घंटा. त्या घंटांवर पहिला टोला पडला आणि माझ्या बाजूच्या रांगेतले पन्नाशी-साठीचे गोरे काका ढसाढसा रडायला लागले. माझीही अवस्था वेगळी नव्हती.

आणखी एक. इथल्या विमानतळाचा कोड वायवायझेड. आपल्या बॅगेच्या टॅगवर छापलेला असतो तोच. ही तीन अक्षरं मोर्स संकेतात वाजवली की जो ठेका होतो, त्यावर त्यांची एक अख्खी वाद्यरचना उभी आहे. पाच मात्रांचं वजन आहे. भारतातून परत आले की पट्ट्यावर बॅग येईपर्यंत माझी बोटं ट्रॉलीवर तेच वाजवत असतात. तिकिटं काढली आहेत, जाणार.

मुंबईहून, सध्या डोंबिवली

आमच्याकडे नव्वदच्या दशकात रश यायचा तो कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून. रंगभवनला स्थानिक बँड ऐकायला जायचो, तिथेच कुणीतरी द्यायचं. ड्रम दिसायचे नाहीत, नुसते ऐकू यायचे. डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत उतरत जाणारे टॉम, म्हणजे लहानमोठे ड्रम, मोजायचो आणि वहीत गोल काढायचो. पुढे फोटो पाहिला तेव्हा कळलं की गोल कमीच पडले होते, आणि लाकडी ठोकळे, गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखी काऊबेल, बारीक घंटा हे तर माझ्या चित्रात नव्हतंच.

पुण्याहून

माझे वडील तबला वाजवायचे. रॉकचा त्यांना तिटकारा नव्हता, पण ओढही नव्हती. रिओमधल्या २००२ च्या मैफलीची डीव्हीडी आणली होती, त्यातला नीलचा सोलो लावला. ते पेपर वाचत होते. थोड्या वेळानं पेपर खाली आला. "पायात तीनाचा ठेका सोडत नाहीये, आणि हात बघ कुठे फिरतायत," म्हणाले. मग मला मागे न्यायला लावलं, पुन्हा मागे न्यायला लावलं, आणि मांडीवर हातानं वजन धरून ते समेची वाट पाहत बसले. नंतर ड्रमखालचा अख्खा चौथरा फिरला, मागचा इलेक्ट्रॉनिक सेट पुढे आला आणि शेवटी जुन्या जॅझ बँडचे पितळी सूर. बाबांना त्या फिरण्याचं काही विशेष वाटलं नाही, पायांचंच कौतुक चाललं होतं.

मी स्वतः ड्रम शिकवतो. विद्यार्थ्यांना सेटच्या आकाराचं वेड असतं. त्यांना मी एवढंच सांगतो की जगभर नाव झाल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, हा माणूस फ्रेडी ग्रुबर नावाच्या गुरूकडे शिकायला गेला आणि काठी धरायची पद्धतसुद्धा बदलून आला. विकत घेण्यासारखं त्यात काहीच नाही, रियाजच आहे.

नाशिकहून

मी साउंडवाला. आपल्याकडे साध्या पाच ड्रमच्या सेटला माइक लावताना घाम फुटतो. गालिचावर प्रत्येक स्टँडच्या पायाशी टेपच्या खुणा कराव्या लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी ड्रमर म्हणतो, झांज दोन बोटं लांब गेली. नीलचा सेट चारी बाजूंनी, वर चौथरा फिरणारा, आणि गाव रोज नवं. लोर्न व्हीटन हा त्याचा ड्रम टेक्निशियन वर्षानुवर्षं हे सांभाळत होता. या धाग्यात त्याचंही नाव यायला हवं, म्हणून लिहिलं.

बंगळुरूहून

मी नाही ऐकणार. १९७४ मध्ये नील आला तेव्हापासून गाण्यांचे बहुतेक सगळे शब्द त्याचेच. त्यानं १९९७ आणि १९९८ मध्ये आधी मुलगी, मग बायको गमावली, तेव्हा बँड थांबला होता. तो परत येईपर्यंत दोघांनी त्याची वाट पाहिली. मला त्यांचं ते वाट पाहणं फार मोठं वाटतं. २०१५ मध्ये त्याचं शरीर साथ देत नव्हतं, लाइफसनलाही सांधेदुखी होती. तिथेच पूर्णविराम शोभत होता.

न्यू जर्सीहून

बंगळुरूच्या ताई/दादा, तुमचं म्हणणं पटतं, तरी मी लेकीला घेऊन जाणार आहे. नीलच्या दुसऱ्या पत्नीनं आणि त्यांच्या मुलीनं या दौऱ्याला जाहीर पाठिंबा दिलाय, त्यामुळे माझ्या मनातली अडचण दूर झाली. माझी लेक शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. आनिका निलेसचे व्हिडिओ ती आधीपासून बघते. २०२२ मध्ये आनिका गिटारवादक जेफ बेकबरोबर वाजवत होती, तेही लेकीनंच मला दाखवलं. रश तिला माझ्यामुळे माहीत, आनिका मला तिच्यामुळे. सध्या घरी रोज संध्याकाळी जुनी गाणी लावून कुठला ठोका कुठल्या ड्रमवर पडतो, ते दोघी मिळून ओळखतो. काऊबेल ती माझ्या आधी ओळखते.