बंद पेट्रोल पंपाशेजारची बोअर : दोन वर्षं पाणी तपासायलाच हवं का?

घोडबंदरकर
आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून असलेला पेट्रोल पंप बंद होऊन बरीच वर्षं झाली. जमिनीतल्या टाक्या काढल्या, आता तिथे टॉवरचं खोदकाम सुरू होणार आहे. आमची बोअर तिथून जवळच. तिचं पाणी फ्लशला, बागेला आणि उन्हाळ्यात काही घरांत आंघोळीलाही जातं. कमिटीने रिपोर्ट दाखवला : टीडीएस, हार्डनेस, कोलिफॉर्म (सांडपाण्याची खूण सांगणारे जिवाणू), सगळं ठीक. पेट्रोलमधलं कर्करोगकारक रसायन म्हणजे बेंझीन, त्याचं त्यात नावसुद्धा नाही! माझं मत स्पष्ट आहे. पंपाच्या जागेभोवती निरीक्षण विहिरी (फक्त नमुने घ्यायला पाडलेल्या अरुंद बोअर) घेऊन दोन वर्षं पाणी तपासा, तोवर बोअर बंद ठेवा.

कोपरखैरणे_सेक्टर८
पूर्ण विरोध. टाक्या गेल्या म्हणजे गळतीचं मूळ गेलं. मातीतले जिवाणू पेट्रोल खातात, बहुतेक ठिकाणी दूषित पट्टा काही अंतरावर आपोआप थांबतो. बेंझीनची एक चाचणी करा आणि विषय मिटवा. दोन वर्षांचा खर्च मेंटेनन्समधूनच जाणार ना? आपल्याकडच्या बोअरना खरा धोका फुटक्या गटारांचा आहे.

खडक_आणि_पाणी
जिवाणूंबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण एका चाचणीचं नाही. ठाण्याखाली बसाल्ट आहे. पाणी त्याच्या फटींतून वाट काढतं, त्यामुळे एक बोअर स्वच्छ आणि शेजारची दूषित असं होऊ शकतं. शिवाय पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात पातळी चढली की तेही चढतं, उतरताना मातीला लिंपून मागे राहतं. ऑगस्टमध्ये स्वच्छ आलेला नमुना मेमध्ये तसाच येईल याची खात्री नाही. केंद्रीय भूजल मंडळही वर्षातून चार वेळा पातळी मोजतं, ते उगाच नाही. विहिरी निदान तीन हव्यात, नाहीतर पाण्याचा उतार कुठे आहे हेच कळत नाही.

प्रमाणाचा अंदाज घ्या. पिण्याच्या पाण्यात बेंझीन लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजच्या पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त १ टक्का असतं. म्हणजे १ लिटर पेट्रोलमधलं बेंझीन जवळपास ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसं आहे. आणि नमुना प्लंबरकडून प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊ नका. काचेची कुपी काठोकाठ भरून बर्फात न्यावी लागते, हवा राहिली की बेंझीन उडून जातं.

कोपरखैरणे_सेक्टर८
आकडा मान्य, पण सगळं पेट्रोल काही पाण्यात विरघळत नाही. बोअर बंद केली की टँकर येणार. टँकरचं पाणी कुठून येतं, विचारलंय का कधी? तीही कुणाची तरी बोअर किंवा विहीरच, तीही न तपासलेली.

वाशी_खाडीकाठ
दोघांच्याही बोलण्यात खोदकाम राहून गेलं. तळघरासाठी खड्डा घेतला की बिल्डर रात्रंदिवस पाणी उपसतो. आजूबाजूचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं, त्याबरोबर इतके दिवस एका जागी असलेलं प्रदूषणही हलतं. उपसलेलं पाणी थेट नाल्यात जातं. आमच्याकडे भरावाच्या जमिनीत पाणी हातभर खाली लागतं, तिथे तर बेसमेंट पार्किंगमध्ये वाफा शिरण्याचीही भीती. पहिला नमुना उपसा सुरू व्हायच्या आधीचाच हवा.

घोडबंदरकर
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आभार. खर्चाबद्दल : जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम केले. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवायची, राज्य प्रदूषण मंडळाने तपासायची, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा. आपल्या मेंटेनन्सला हात न लावता आधी अर्ज करू. जुन्या पंपचालकाकडे साठ्याच्या रोजच्या नोंदीही मागू. टाकीत भरलेलं आणि विकलेलं यांत सतत तूट असेल, तर गळती किती जुनी ते समजेल.

कोपरखैरणे_सेक्टर८
अर्ज जरूर करा. त्याचं उत्तर येईपर्यंत लोक टँकरचं पाणी वापरणार, म्हणून सोसायटीच्या ठरावात टँकरच्या पाण्याची तपासणीही घाला. ती नसेल तर माझा बोअर बंद करायला विरोधच राहील.