ट्रान्सपॉन्डर बोट ओळखतो, सुकाणूवरचा माणूस नाही

दर्याकाठ
आरमारप्रेमी यांनी काल लिहिलं की 26/11चे दहा जण मच्छीमार बोटीतून आले, तरी कोळी अजून शिस्तीत आलेले नाहीत; ट्रान्सपॉन्डर (बोटीची ओळख आणि जागा कळवणारं यंत्र) बंद ठेवतात, खलाशांची नावं देत नाहीत; म्हणून ज्याचं यंत्र बंद सापडेल त्याचा परवाना कायमचा रद्द करा आणि डिझेलवरच्या कराचा परतावाही थांबवा. त्याखाली कितीतरी जणांनी ‘अगदी बरोबर’ लिहिलंय. आमच्या घरात तीन पिढ्या बोट आहे, मला हे गिळवत नाही.

अतिरेकी जिच्यातून आले ती ‘कुबेर’ बोट कोणी कोळ्याने त्यांना दिली नव्हती. पोरबंदरची ती बोट भर समुद्रात पळवली, चार खलाशांना मारलं, तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडून, मुंबईपर्यंत हाकवून घेतली आणि मग त्यालाही संपवलं. त्या हल्ल्यात सगळ्यात आधी मेले ते मच्छीमार. तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्ये त्यांच्यासाठी एक ओळ नाही. शेवटी ते ज्या रबरी होडीतून किनाऱ्यावर आले ती कुलाब्याजवळ बधवार पार्कसमोर लागली तेव्हा ‘कोण तुम्ही, कुठून आलात’ हे विचारणारेही मच्छीमार नगरातलेच लोक होते.

आता समजा ‘कुबेर’वर ट्रान्सपॉन्डर असता. पडद्यावर काय दिसलं असतं? पोरबंदरची नोंदलेली बोट, नंबर बरोबर, सगळं ठीक. पाकिस्तानने पकडून नेलेल्या आपल्या शेकडो बोटी तिकडे पडून आहेत, नंबरासकट. त्यातली एखादी उद्या परत फिरली तर हे यंत्र तिला आपलीच म्हणेल.

चूक नेमकी कुठे होते ते बघा. फेब्रुवारी 1993मध्ये रायगडातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं ते कस्टमच्या आणि पोलिसांच्या माणसांनी पैसे खाऊन वाट दिली म्हणून. 12 मार्चच्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. त्या अधिकाऱ्यांना कोर्टाने दोषी धरलं. 31 जुलै 2011ला ‘पवित’ हे बेवारस जहाज ओमानकडून वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतलं, तोवर कोणाला पत्ता नव्हता. 18 ऑगस्ट 2022ला हरिहरेश्वरला एके-47 असलेली रिकामी बोट किनाऱ्याला लागली. फेब्रुवारी 2024मध्ये तिघे जण कुवेतहून बोट घेऊन थेट मुंबईत आले. यातल्या एकाही ठिकाणी कोळ्याचं ओळखपत्राचं कार्ड आड आलं नाही की उपयोगी पडलं नाही. आणि कार्ड नसलं की पोराला मात्र बंदरावर चार तास बसवून ठेवतात.

आरमारप्रेमी
कोळ्यांना देशद्रोही कोणी म्हटलेलं नाही, उगाच अंगावर ओढून घेऊ नका. ‘कुबेर’च्या खलाशांविषयी मलाही तेवढंच वाईट वाटतं.

पण मुद्दा टाळलात. महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटर. हंगामात रोज हजारो बोटी पाण्यात. रडारवर प्रत्येक ठिपका सारखाच. ज्या बोटी स्वतःहून नाव सांगतात त्या बाजूला काढल्या की उरलेल्या मोजक्या ठिपक्यांकडे तटरक्षक दल जाऊ शकतं. तुम्ही यंत्र बंद करता तेव्हा त्या उरलेल्यांत तुम्हीच भर घालता. शिवाय इस्रोचा जो ट्रान्सपॉन्डर सरकार फुकट बसवून देतंय त्यात संकटाचा संदेश पाठवायची सोय आहे. ‘कुबेर’वर तो असता तर निदान एका माणसाला बटण दाबता आलं असतं. हे तुम्हाला नको आहे का?

पाकिस्तानातल्या बोटींचं म्हणाल तर तो यंत्राच्या बाजूचाच मुद्दा आहे. पकडलेल्या बोटीचा नंबर यादीत लाल करून ठेवता येतो.

खाकीतून निवृत्त
सागरी पोलीस ठाण्यात नोकरी केली आहे, कुठल्या ते सांगणार नाही. दोघांनाही थोडं सुनावतो.

दर्याकाठ, कुवेतची बोट आत आली हे खरं, पण तिला अडवलं ते पोलिसांच्या गस्तनौकेनेच. तेवढं श्रेय द्या. आणि माझ्या हद्दीत मी एकाच नंबरच्या दोन बोटी पकडल्या आहेत. कशासाठी? डिझेलच्या कोट्यासाठी. देशद्रोह नाही, पण अतिरेक्याला याहून सोपी सोय कोणती? ही गोष्ट मच्छीमार सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती, कोणी बोललं नाही.

आरमारप्रेमी, तुम्ही ज्या मोजक्या ठिपक्यांकडे जायचं म्हणता तिथे जाणार कोण? बारा सागरी मैलांच्या आत मुख्य काम आमचं. आमची स्पीडबोट सहा महिने इंजिनासाठी उभी. इंजिन आलं तर डिझेलची मंजुरी नाही. घाटावरून बदली होऊन आलेली पोरं, पहिल्या लाटेला ओकायची. पोहता न येणाऱ्याला गस्तीवर कसं पाठवू? शेवटी ज्या कोळ्यांना आपण कार्ड मागतो त्यांच्याच बोटी भाड्याने घेऊन आम्ही गस्त घातली. सागर कवच या किनारा सुरक्षेच्या सरावाच्या वेळी तर घुसणारा गटही मच्छीमार बोटीतून यायचा आणि त्याला हेरणारेही मच्छीमारच असायचे. 1093 या सागरी सुरक्षा हेल्पलाइनवर येणारे कामाचे फोन जवळजवळ सगळे त्यांचेच.

मालवणी मुलूख
अतिरेकी लांबची गोष्ट हो. आमच्या हय कर्नाटकच्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर बारा वाव खोल पाण्याच्या आत येतत, दिवे लावून येतत, आमची जाळी फाडून जातत. फोन केलो तर सांगतत, गस्तनौका येता हा. सकाळ झाली तरी येवक नाय.

ज्यांना दिवे लावून आलेले शंभर ट्रॉलर दिसत नाहीत त्यांना अंधारात आलेली एक रबरी होडी दिसणार? राष्ट्रीय सुरक्षेचं मला एवढंच कळतं.

मिरकरवाडा
मलपीवाल्यांचं खरं. पण सगळा दोष परराज्यावर ढकलून आमच्यासारख्या इथल्या बोटमालकांना मधे पिळतात. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवा घेरून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, 2016पासून एवढी बंधनं घातली की धंदा करणारा आपोआप लपून धंदा करतो. मग म्हणता यंत्र का बंद असतं. अंमलबजावणीचा जाच कमी करा, यंत्रं चालू राहतील.

मालवणी मुलूख
म्हणजे तुम्ही बंदी मोडता म्हणून यंत्र बंद ठेवता. हे स्वतःच लिहून दिलंत ते बरं झालं! तुमच्या पर्ससीनने बांगडा पिल्लासकट उचलला आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या आमच्या रापणीवाल्याच्या चुलीवर पाणी पडलं. एलईडी लावून रात्री मासे ओढायला 2017 सालीच बंदी आली. आमच्या किनाऱ्यावरून अजून उजेड दिसतो. आधी त्याचं उत्तर द्या.

मिरकरवाडा
एलईडीवाल्यांत मला कोंबू नका. एका पर्ससीन बोटीवर पंचवीस-तीस खलाशी पोट भरतात, त्यांचं काय करायचं? आणि खलाशांची नावं द्या म्हणणाऱ्यांनी एकदा ऑगस्टमध्ये रत्नागिरीला यावं. निम्मे खलाशी नेपाळचे. आगाऊ पैसे घेऊन येतात, आठवड्यात दुसऱ्या बोटीवर जातात. मी नाव सोमवारी दिलं तर शुक्रवारी त्या नावाचा माणूस माझ्या बोटीवर नसतो. यात मी काय लपवलं?

आरमारप्रेमी
हाच तर सुरक्षेतला खड्डा आहे! बोटीवर कोण आहे हे मालकालाच माहीत नाही, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून सांगता.

मिरकरवाडा
मग बंदरावर नोंदणीचा माणूस बसवा, रात्री दोनला. आमची बोट दोनला सुटते आणि मत्स्य खात्याच्या कार्यालयाचं कुलूप दहाला उघडतं.

दर्याकाठ
पर्ससीनचं भांडण इथे मिटणार नाही. तरी मालवणी मुलूख यांचं म्हणणं मला मूळ मुद्द्याबाहेरचं वाटत नाही. जानेवारी 2025पासून अवैध मासेमारीवर ड्रोन फिरतायत. ड्रोनने चित्र मिळतं, पुढे जायला बोट आणि माणूस लागतोच. खाकीतून निवृत्त तेच सांगतायत.

कोडवाली
मी सागरी प्रणालींवर काम करते, म्हणून यंत्रापुरतं लिहिते. वीस मीटरहून मोठ्या बोटींना लागणारं एआयएस हे उघडं रेडिओ प्रसारण आहे. त्यात कूटबद्धता नाही. साधं उपकरण घेऊन कोणीही ऐकू शकतो, आणि जाणकार माणूस खोटं नाव, खोटी जागा प्रसारित करू शकतो. काळ्या समुद्रात आणि इराणच्या आखातात जहाजांच्या खोट्या जागा दिसण्याचे प्रकार घडले आहेत. त्यामुळे ‘नाव सांगणारी बोट बाजूला काढली’ हे आरमारप्रेमींचं गणित धोक्याचं आहे. ज्याला घुसायचंय तो नाव सांगतच येईल. रडार, कॅमेरा आणि प्रसारण या तिन्हींचा मेळ बसतो का हे तपासणारा माणूस हवा.

कोळ्यांची दुसरी भीतीही खोटी नाही. चांगली मासळी कुठे लागली हे एआयएसवर शेजारच्या बोटीला दिसतं. इस्रोचा संच उपग्रहावरून बोलतो, त्यात तसं उघड्यावर काही येत नाही, पण ती माहिती कोणाकोणाला मिळणार हे मच्छीमारांना कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि 26/11च्या सूत्रधारांनी आपली यंत्रणा चुकवली ती फक्त पाण्यात नाही. इंटरनेटवरून फोन लावले, त्या सेवेचे पैसे इटलीतून भरले, आणि आपल्या वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण बघून आत सूचना दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2012च्या निकालात वाहिन्यांना त्यावरून खडसावलं होतं. त्यावर कोणाचा परवाना कायमचा रद्द करा असं कोणी लिहीत नाही.

डहाणू बंदर
आमच्याकडचे आदिवासी पोरगे ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पाकिस्तानने पकडले की कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षानुवर्षं. माझा चुलतभाऊ राहून आलाय. त्यांच्या बोटीवर जीपीएस होतं, तरी मासळीमागे सागरी हद्दीची रेघ ओलांडली की नाही हे त्याला आजही सांगता येत नाही. ट्रान्सपॉन्डरवर हद्द जवळ आल्याचा इशारा मिळत असेल तर आमच्या घरांना तो आजच हवा. दर्याकाठ, तुम्ही सरसकट विरोध करू नका.

दर्याकाठ
यंत्राला विरोध नाहीच, परवाना कायमचा रद्द करण्याला आहे. खाऱ्या पाण्यात वायर गंजली, बॅटरी बसली, तरी यंत्र बंदच दिसतं. त्यासाठी घराचं पोट मारणार?

आरमारप्रेमी
ठीक आहे. ‘कायमचा’ हा शब्द मागे घेतो, आधी दुरुस्तीची मुदत द्या. डिझेल परताव्याचं मात्र सोडणार नाही. सरकारी पैसा घ्यायचा तर यंत्र चालू हवं. आणि एका नंबरावर दोन बोटी चालवणाऱ्याला मुदतसुद्धा नको.

खाकीतून निवृत्त
त्या दोन बोटींबाबत मी तुमच्या बाजूने. पण मग स्पीडबोटीच्या डिझेलची मंजुरी अडवणाऱ्यालाही तोच नियम लावा. तो सहा महिने फाइल दाबून बसतो, त्याचा पगार एक दिवस थांबत नाही.

मालवणी मुलूख
आणि मलपीचे ट्रॉलर? आज रात्रीपण येतले. 1093वर फोन करतलंय, कोण इलो तर हयच लिहितंय.