ज्यांचे फुकट वापरले, त्यांच्याशी आपण कसे बोललो? (अनुभव)

परवा मुलीच्या नव्या लॅपटॉपवर लिनक्स चढवले आणि सवयीने व्हिम हा मजकूर व कोड लिहिण्याचा मोफत प्रोग्राम उघडला. डाव्या कडेला ~ या चिन्हाची उभी रांग, मध्यभागी नाव व आवृत्ती, आणि त्याखाली युगांडातील गरीब मुलांना मदत करा, ही ओळ. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम प्रसिद्ध केला, १९९४ मध्ये ते युगांडातील किबाले येथे स्वयंसेवक म्हणून राहिले, आणि पुढे वापरणाऱ्यांकडे त्यांनी मागितले ते स्वतःसाठी नव्हे, तिथल्या मुलांसाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले.

ती ओळ वाचताना मला २००५ सालचे माझे एक पत्र आठवले. पुण्यात पहिली नोकरी होती, घरी संगणक नव्हता आणि सायबर कॅफेत तासाला वीस रुपये पडत. अहवाल छापणाऱ्या एका मुक्त लायब्ररीतून (म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायच्या, कोणीतरी फुकट दिलेल्या तयार कोडमधून) ग्राहकांची मराठी नावे प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बाहेर येत होती. मी तिच्या लेखकाला लिहिले की, जमत नसेल तर असले काम लोकांच्या गळ्यात मारू नये. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. चूक माझी होती. डेटाबेसच्या जोडणीत मी युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत, ठेवलेच नव्हते. देवनागरीचे एक अक्षर ओळखत नसतानाही त्या गृहस्थांनी माझी फाइल दुरुस्त करून, प्रत्येक नाव मूळ यादीशी ताडून पाठवली होती. मुलगी झोपल्यावरच या कामाला बसता येते, म्हणून उशीर झाला, असेही शेवटी लिहिले होते. मी आभार मानले नाहीत, माफीही मागितली नाही. तुमचेही असे अनुभव असतील, तर कृपया लिहावेत.

कळफलक
मी सर्व्हर सांभाळतो. मार्च २०२४ च्या अखेरीस एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या मुक्त प्रोग्राममधला चोरदरवाजा (यंत्रात गुपचूप शिरण्याची वाट) उघडकीला आला, ती रात्र आम्ही प्रत्येक यंत्रावरची आवृत्ती तपासण्यात घालवली. नंतर मी जुना पत्रव्यवहार वाचला. एक्सझेडचे काम लासे कॉलिन वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने करत होते. २०२२ मध्ये काही खात्यांवरून त्यांच्यामागे काम लवकर पुढे न्या, असा तगादा लागला; आपले मनःस्वास्थ्य बरे नाही आणि हे बिनपगारी, छंदाचे काम आहे, असे त्यांनी सांगूनही तो थांबला नाही. पुढे मदतीला आलेल्या ‘जिया तान’ नावाच्या खात्याकडे अधिकार गेले आणि त्यानेच घात केला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले म्हणून आपण वाचलो. मला झोंबले ते निराळेच. त्या पत्रांतली भाषा आणि आमच्याच लोकांनी मुक्त प्रकल्पांकडे केलेल्या तक्रारींची भाषा शेजारी ठेवली, तर कोणती कोणाची हे सांगता येत नाही.

भीमाकाठ
स्वयंपाक आटोपता आटोपता लिहीत आहे. जून २०२२ मध्ये कोपायलट, म्हणजे कोड सुचवणारे एआय साधन, महिना १० डॉलरला सर्वांसाठी खुले झाले, म्हणजे जवळपास आठशे रुपये. सोलापुरात माझा पगार तेव्हा अठरा हजार होता आणि आठशे रुपयांत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या येऊन वर वीजबिलाला हातभार लागत असे. विद्यार्थ्यांना ते मोफत होते, पण माझे शिक्षण संपलेले होते. त्यामुळे अडले की मी माणसांना विचारत असे, आणि ‘आधी शोधण्याचे कष्ट घेतले का?’ हे उत्तर इतक्या वेळा मिळाले की प्रश्न लिहून तो पुसून टाकायची सवयच लागली. आज माझी धाकटी सहकारी वरिष्ठांना काहीच विचारत नाही; ती यंत्राला विचारते, कारण ते खेकसत नाही. यंत्राचे उत्तर चुकले, तर ते तिला कोण सांगणार, याची मला काळजी वाटते.

गोदातीर
भीमाकाठ, मी त्या खेकसणाऱ्यांपैकी होतो. कडक शेरा म्हणजे दर्जा, असे मी मानत असे आणि तिखट बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेले लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दाखला देत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनीच आपल्या वागण्याची जाहीर माफी मागून काही काळ कामातून रजा घेतली, तेव्हा माझा तो आधार गेला. तोपर्यंत आमच्या चमूतील दोन मुलांनी कोड दाखवणे बंद केले होते. त्यांतील एकाशी मी नंतर बोललो. दुसरा नोकरी सोडून गेला होता.

रातराणी
आईंची तब्येत आता कशी आहे, ताई?

भीमाकाठ
बरी आहे. गोळ्या चालूच आहेत. विचारल्याबद्दल आभार.

कळफलक
धागाकर्ते, त्या लायब्ररीच्या पानावर लेखकाचा पत्ता अजून असेल. आजही लिहिता येईल.

धागाकर्ता
पाहिले. २०११ नंतर त्यात एकही बदल झालेला नाही, पण पत्ता आहे. आत्ताच पत्र पाठवले. माफी मागितली, ती नावे नीट छापली गेली होती हे कळवले आणि मुलगी आता काय करते, एवढे विचारले.